लेकीसाठी टायटॅनियमचं चिलखत करून घ्यायचंय, सल्ला हवा

प्रेषक: हेडिंग्लीच्या ताई

नमस्कार मंडळी,

फराळाच्या आणि वर्गणीच्या मेलांमध्ये हा प्रश्न वेगळा वाटेल, पण आपल्यातच कोणी जाणकार निघेल म्हणून विचारते.

माझी लेक २३ वर्षांची आहे आणि वर्षभर बुहुर्ट खेळते. मध्ययुगीन युरोपातल्यासारखं खरं चिलखत घालायचं, हातात बोथट तलवार नाहीतर कुऱ्हाड, आणि पाच विरुद्ध पाच लढायचं. वार पूर्ण ताकदीचे असतात. पाय सोडून अंगाचा कुठलाही भाग जमिनीला टेकला की गडी बाद.

वेड लागलं ते आपल्या लीड्समध्येच. ती सात वर्षांची असताना मी तिला रॉयल आर्मरीज संग्रहालयात हत्तीचं चिलखत दाखवायला नेलं होतं. साधारण १६०० सालचं, पाच हजारांहून जास्त पोलादी पाती कड्यांनी विणलेली. रॉबर्ट क्लाइव्हच्या सुनेनं ते १८०१ साली इकडे आणलं. आपल्याकडची वस्तू बघ, एवढंच मनात होतं. पोरगी तासभर त्या हत्तीपुढून हलली नाही.

सध्या ती संघाचं उसनं पोलादी चिलखत घालते. त्याचं वजन ३१ किलो, तिचं ५८. सरावाहून आली की जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसते आणि दहा मिनिटं उठत नाही. आता तिला स्वतःच्या मापाचं, पूर्ण टायटॅनियमचं करून घ्यायचंय. कारागिरानं ३,४०० पौंड सांगितलेत. साठवलेले जवळजवळ सगळे पैसे जातील. पैशांचं एक वेळ ठीक, पण हलकं म्हणजे कमी संरक्षण तर नाही ना? रात्री झोप लागत नाही, खरं सांगते.

— हेडिंग्लीच्या ताई


प्रेषक: ब्रॅडफर्डचा दादा
विषय: पुन्हा: लेकीसाठी टायटॅनियमचं चिलखत

नमस्कार ताई,

मी सहा वर्षं बुहुर्ट खेळतोय, दोनदा चिलखत करून घेतलंय. लेकीचा विचार बरोबर आहे. फक्त पूर्ण टायटॅनियमचं करू नका. पैसे कुठे घालायचे याचा क्रम असतो: आधी पाय, मग हात, मग धड. डोक्याला टायटॅनियम अजिबात नको.

पाय आधी का, ते लीड्समध्येच तपासलं गेलंय. २०११ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी रॉयल आर्मरीजच्या प्रात्यक्षिक करणाऱ्या लोकांना पंधराव्या शतकातल्या चिलखतांच्या प्रतिकृती घालून ट्रेडमिलवर चालवलं, पळवलं. चालायला २.१ ते २.३ पट ऊर्जा लागली, पळायला १.९ पट. तेवढंच वजन पाठीवर घेतलं तर इतकं दमायला होत नाही. चिलखताचे सात-आठ किलो पायांवर असतात आणि प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकावे लागतात, हे त्यातलं मोठं कारण. दुसरं म्हणजे छातीवरचा पत्रा. तो घट्ट असला की श्वास पुरा घेता येत नाही, माणूस धापा टाकत राहतो.

माझी पहिली पायकवचं दोन मिलिमीटरच्या साध्या पोलादाची होती, जोडी ७ किलो ६०० ग्रॅम. टायटॅनियमची जोडी ४ किलो ९०० ग्रॅम. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण तिसऱ्या फेरीत, कोणी खांद्यानं रेटत असताना मागचा पाय वेळेवर पडतो की नाही, ते याच पावणेतीन किलोंवर ठरतं. मी पडायचो तो वारांनी नाही, पाय मागे राहिल्यामुळे.

शिरस्त्राणाचं गणित उलटं. तोच वार जड शिरस्त्राणावर बसला तर डोकं कमी हलतं, हलक्यावर बसला तर जास्त झटकतं. कवटी न फुटणं हे पत्र्याचं काम झालं, पण मेंदूला हिसका कमी बसावा म्हणून वजन हवंच. माझं पाच किलोच्या आसपास आहे, चांगल्या पोलादाचं, आत जाड अस्तर. त्यातले शंभर ग्रॅमसुद्धा मी कमी करणार नाही.

धडासाठी तिला ब्रिगँडिन घ्यायला सांगा. बाहेरून जाड कापडाचा डगला, त्यावर रिबिटांची डोकी ओळीनं चमकतात, आणि धातूची पाती आतल्या बाजूला. गॉटलंड बेटावर विस्बीजवळ १३६१ साली लढाई झाली, तिथल्या सामूहिक कबरींतून अशी कापडाला ठोकलेल्या पात्यांची कवचं मृतांच्या अंगावर जशीच्या तशी निघाली. बुहुर्टमध्ये चिलखत एका प्रदेशातलं, एका काळातलं दिसावं लागतं, आणि चौदाव्या शतकात टायटॅनियम नव्हतं. ब्रिगँडिनमध्ये ते कापडाखाली राहतं. आपल्याला यात नवल वाटायला नको. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला महाराजांचं चिलखत अंगरख्याखालीच होतं.

उघड्या टायटॅनियमचे नियम स्पर्धेप्रमाणे बदलतात. पैसे देण्याआधी संघाच्या कर्णधाराकडून लेखी होकार घ्या.

— ब्रॅडफर्डचा दादा


प्रेषक: यॉर्कचे काका
विषय: पुन्हा: पुन्हा: लेकीसाठी टायटॅनियमचं चिलखत

ताई, दादा, दोघांना नमस्कार.

मला लढाईतलं काही कळत नाही. पण हैदराबादेत अकरा वर्षं मी टायटॅनियमच्या पत्र्यावर काम केलंय, आणि माझ्या उजव्या खुब्यात याच धातूचा दांडा बसवलाय. त्यावर रोज चार मैल चालतो. तेव्हा धातूवर विश्वास ठेवा. विश्वास ठेवण्याआधी तपासायचं असतं ते काम.

एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पत्रा घेतला तर पोलादाचा ७.८५ किलो भरतो, टायटॅनियमचा साडेचार, ॲल्युमिनियमचा २.७. पण टायटॅनियम एक नाही. ग्रेड २ म्हणजे जवळजवळ शुद्ध टायटॅनियम, थंड ठोकता येतं. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, आणि त्याची ताणशक्ती अडीच पटीहून जास्त. कारागिराला ग्रेड विचारा आणि पत्र्याचं प्रमाणपत्र मागा. नुसतं 'टायटॅनियम' म्हणणं म्हणजे दुकानात जाऊन 'एक किलो डाळ द्या' म्हणण्यासारखं आहे.

तुमच्या भीतीबद्दल. टायटॅनियम मोडत नाही पटकन, पण पोलादाच्या जवळपास निम्मंच ताठ असतं. वार बसला की आत लवतं आणि परत उसळून जागेवर येतं. पोचा पडत नाही म्हणून लोक खूष होतात, पण त्या क्षणी ते आत किती आलं ते खालच्या हाडाला विचारा. म्हणून गुडघ्याच्या वाटीत हाड आणि पत्रा यांच्यात पोकळी हवी, अस्तर हवं, आणि पत्र्याला मधोमध उंच धार काढलेली हवी. सपाट पत्रा घेऊ नका.

लहानपणी पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीवरून शाळेत जायचो. मठारकामाचा तो ठोक अजून कानात आहे. तांब्याचा पत्रा हातोडीचं ऐकतो, जिथे बसवाल तिथे बसतो. टायटॅनियम ऐकत नाही, दाबलं की परत वर येतं. मग कारागीर ते तापवतात, आणि खरी गोम इथे आहे. साधारण ६०० अंशांच्या वर हा धातू हवेतला प्राणवायू शोषतो आणि वरचा थर ठिसूळ होतो. तो थर घासून काढला नाही तर पुढे तिथूनच तडा जातो.

वेल्डिंगचंही तसंच. पुढून-मागून दोन्हीकडून आर्गॉन वायू सोडावा लागतो. सांधा चांदीसारखा किंवा फिकट गवती रंगाचा असेल तर काम चोख. निळा-जांभळा असेल तर प्रश्न विचारा. राखाडी, खडूसारखा असेल तर ते पातं घेऊ नका. आता अडचण अशी की पॉलिश केलं की रंग जातो, चांगला सांधा आणि वाईट सांधा एकसारखे दिसतात. म्हणून पॉलिशच्या आधीचे, सांध्याच्या आतल्या बाजूचे फोटो मागवा. प्रामाणिक कारागीर आनंदानं पाठवेल.

आणि लेकीला सांगा, घरी गॅरेजमध्ये हे ग्राइंड करायचं नाही. टायटॅनियमचा बारीक चुरा पेट घेतो आणि पाण्यानं विझत नाही, उलट भडकतो. एखादं भोक पाडावं लागलंच तर धारदार ड्रिल, मंद वेग, चुरा लगेच गोळा, आणि शेजारी कोरडी वाळूची बादली.

— यॉर्कचे काका


प्रेषक: हडर्सफील्डच्या वहिनी
विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: लेकीसाठी टायटॅनियमचं चिलखत

काका, मधेच विचारते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मुलांना घालायला ॲल्युमिनियमची चिलखतं केली तर चालतील का? गेल्या वर्षी पुठ्ठ्याची केली होती, पावसात लगदा झाला.

— वहिनी


प्रेषक: यॉर्कचे काका

वहिनी, मिरवणुकीला ॲल्युमिनियम उत्तम. मुलं दोन तास आरामात चालतील. कडा मात्र दुमडून घ्या, पत्रा कापतो. आणि मुलांना बजावून सांगा की हे दिसायला चिलखत आहे, यावर काठी मारून बघायची नाही. घरातलं ॲल्युमिनियमचं पातेलं पडलं तरी चेपतं, तोच धातू.

— काका


प्रेषक: हेडिंग्लीच्या ताई
विषय: पुन्हा: लेकीसाठी टायटॅनियमचं चिलखत

काका, दादा, काय बोलू. काल रात्री दोन्ही मेल लेकीला वाचून दाखवल्या. शिरस्त्राणाचं ऐकून ती गप्प झाली, कारण तिच्या यादीत ते टायटॅनियमचंच होतं. ते आता पोलादाचं. धड ब्रिगँडिन, हात-पाय टायटॅनियम. कर्णधारानं होकार कळवलाय. कारागिरानं ग्रेडचंही सांगितलं: हातापायांना ग्रेड ५, ब्रिगँडिनच्या पात्यांना ग्रेड २.

त्यानं आता मापांचा तक्ता पाठवलाय, ४२ मापं आहेत. ती स्वतःच टेप घेऊन बसली होती, मी थांबवलं. दादा, मापं कशी घ्यायची? आणि पैसे किती आधी द्यायचे?

— ताई


प्रेषक: ब्रॅडफर्डचा दादा

ताई, थांबवलंत ते फार बरं केलंत. माझी पहिली पायकवचं याच चुकीनं वाया गेली.

मी एकटाच मापं घेतली होती, जीन्सवर, खाली वाकून. वाकलं की गुडघ्याची जागा सरकते हे तेव्हा कळलं नाही. कवचं आली तेव्हा गुडघ्याची वाटी दोन बोटं खाली बसत होती. पाय वाकवला की वरची कड मांडीत घुसायची. दोन सराव तसेच काढले आणि तिसऱ्यानंतर मांडीवर हाताएवढा काळानिळा पट्टा उठला. कारागिराचं नाव घेत नाही, त्यानं मी दिलेल्या मापाचंच केलं होतं. पण तीन महिने सांगून अकरा महिने लावले आणि पैसे मी सगळे आधीच देऊन बसलो होतो, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. यावेळी तीन टप्पे ठरवा: थोडे सुरुवातीला, थोडे काकांनी सांगितलेले पॉलिशआधीचे फोटो आल्यावर, उरलेले पूर्ण चिलखताच्या वजनाचा फोटो आल्यावर. बाहेरून माल आला तर इथे २० टक्के व्हॅट भरावा लागतो, तो बाजूला काढून ठेवा.

मापं आतला डगला घालूनच घ्यायची. तो कापूस भरलेला, गोधडीसारखा टाचलेला असतो, त्यानं दंडाचा घेर सहज चार-पाच सेंटिमीटर वाढतो. ज्या बुटांवर लढणार तेच बूट घालायचे. तिनं सरळ समोर बघत उभं राहायचं आणि मापं दुसऱ्यानं घ्यायची. छातीचं माप श्वास पूर्ण भरून घ्या. मांडीचा घेर दोनदा घ्या, एकदा उभी असताना आणि एकदा खोल बैठक मारल्यावर. मोठा आकडा लिहा.

टेप घसरते, म्हणून मी सुती दोरा वापरतो. दोरा गुंडाळायचा, पेनानं खूण करायची, मग पट्टीवर ठेवून मोजायचं. पोटरीला तीन ठिकाणी घेर घ्या आणि प्रत्येक घेर जमिनीपासून किती उंचीवर आहे तेही लिहा, नाहीतर पोटरीचा फुगवटा भलतीकडेच निघतो.

आणि एक तिला सांगा. नव्या चिलखतावर कुऱ्हाड बसली की पांढऱ्याशुभ्र ठिणग्या उडतात, फुलबाजीसारख्या. टायटॅनियमची ती खूणच आहे. पहिल्यांदा दिसल्या की घाबरायला होतं, आणि तेवढ्यात समोरचा आत घुसतो.

— दादा


प्रेषक: हेडिंग्लीच्या ताई

दादा, शनिवारी दुपारी घरी याल का? ४२ मापं मला एकटीला जमायची नाहीत, आणि तुमची नजर असेल तर धीर येईल. काका, तुम्हीही या, फोटो आले की सांधे बघायला तुम्हीच हवेत. जेवायलाच या. पिठलं-भाकरी करते. दोरा आणलाय, पांढरा, दोन रिळं.

लेक म्हणते, डगला घालून तासभर उभं राहायचं तर खिडक्या उघड्या ठेव.

— ताई