महालातला फ्लॅट घेतो आहे, पण गच्ची कोणाची?

आर्वीकडचा डाकवाला:
नमस्कार मंडळी. आर्वी तालुक्यातल्या खेड्यात शाखा डाकपाल होतो. औंदा पासष्ट पूर्ण झाले, थैली खाली ठेवली. पोरगा नागपूरले नोकरीवर. तो म्हणते, बाबा, जुन्या नागपुरातल्या महाल भागात फ्लॅट घेऊ, आईले अन् तुमाले इकडंच आणतो.

महालाले मी नाही कसा म्हणू? लहानपणी मामासंग तान्ह्या पोळ्याले तिथं मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाह्यली. 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडून घसा बसला होता. मूर्तिकारांच्या चितार ओळीतून गेलो तर आजही ओल्या मातीच्या वासानं पाय थांबते. इकडं आमच्या गावात औंदा पोळ्याच्या तोरणाखाली तेरा जोड्या उभ्या होत्या, बाकी ट्रॅक्टर.

अडचण बायकोची आहे. म्हणजे खरं पाहता गच्चीची. दर उन्हाळ्यात आमच्या अंगणात दोन पायल्या गव्हाच्या कुरड्या होते. गहू तीन दिवस भिजते, रोज पाणी बदलाचं, मग वाटून चीक काढाचा अन् पहाटे चारले चूल पेटवाची. शेजारच्या चार बाया साच्यावर बसते, बाजेवर जुनं लुगडं अंथरलेलं असते. पोरं वाटी घेऊन गरम चिकासाठी रांगेत, त्यावर कच्चं तेल. (माझीही वाटी त्या रांगेत असते.)

फ्लॅट पाहाले गेलो तर तिनं ना हॉल पाह्यला ना किचन, सरळ जिना चढली. वर लोखंडी दाराले कुलूप! विकणारा म्हणे, "गच्ची चौथ्या मजल्यावाल्यांची आहे, त्यांनी वेगळे पैसे दिले." सोसायटी आहे का विचारलं, तर म्हणे अपार्टमेंट आहे. हा काय फरक आहे? अन् गच्ची अशी विकता येते का?

नक्कलवाला:
काका, मी वकील नाही, पण आमच्या स्कीमचा नऊ वर्षं सचिव होतो, त्यामुळे भांडणं पुष्कळ पाहिली. सोसायटीत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते, तुम्ही सभासद. अपार्टमेंटमध्ये, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली, फ्लॅटचे मालक तुम्ही स्वतः, आणि जमीन, जिना, छत यांत तुमचा अविभक्त हिस्सा. तो हिस्सा फ्लॅटच्या किमतीच्या प्रमाणात टक्क्यांत लिहिलेला असतो, सामाईक खर्चही त्याच टक्क्यानं येतो.

आता गच्ची. कायद्यात छत सामाईकच धरलंय, पण 'घोषणापत्रात वेगळं काही नसेल तर'. घोषणापत्रात काही जागा ठराविक फ्लॅटसाठी राखीव दाखवता येतात. म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका. हे घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन, नोंदणीकृत असतं, दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढा. आणि आखीव पत्रिका, म्हणजे जागेचं प्रॉपर्टी कार्डही पाहा. जमीन नझूल, म्हणजे सरकारी मालकीची भाडेपट्ट्यानं दिलेली, असेल तर भाडेपट्ट्याची मुदत कधी संपते ते आधी विचारा. हे गच्चीपेक्षा महाग पडतं.

महालची सून:
काकाजी, मी देवळीची, लग्न होऊन अठरा वर्षं इथं. मारबतीच्या दिवशी गाडी बाहेर काढायचं नाव नको. आदल्या रात्रीच लांब नेऊन ठेवायची. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला वाटतं आपल्याच बाल्कनीसाठी निघते. त्या दिवशी ओळख नसलेले पाव्हणेही चहाला असतात. एरवी शेजारी दार लावून टीव्ही पाहतात, पण आमटीत मीठ कमी पडलं तर वाटी घेऊन येतात. गच्चीवर मात्र कबुतरं फार, कुरड्यांवर जुनी मच्छरदाणी टाका.

सोयाबीन_४२०:
डाकवाले काका, फ्लॅट नंतर पाहू. आधी त्या चिकाच्या रांगेत मले नंबर द्या 😄

आर्वीकडचा डाकवाला:
नक्कल काढली. नक्कलवाले भाऊ, तुमचे आभार. सातव्या पानावर गच्ची सगळ्यांची सामाईक लिहिली आहे, राखीव जागेत फक्त तळमजल्यावरच्या दोन पार्किंग. विकणाऱ्याले पान दाखवलं तर तो म्हणे, "असं का? मले वाटलं..." अन् पुढं फोनच घेत नव्हता, म्हणून रविवारी आम्ही सरळ चौथ्या मजल्यावर गेलो.

दार उघडलं ती बाई पुलगावची निघाली. कुलूप तिनंच लावलं होतं, पतंगवाली पोरं टाकीवर चढते म्हणून. पैसेबिसे तिनं कोणालेच दिले नव्हते. आता कुलूप राहील, पण चावी प्रत्येक घरी एक. नझूलची चौकशी अजून चालू आहे, तोवर बयाणा देत नाही.

बायको मात्र वर गेली अन् हातानं जागा मोजून आली. टाकीची सावली अकरा वाजेपर्यंत राहते म्हणे, बाज उगवतीकडं टाका लागन.