थीम लावायला पाच मिनिटं. आणि काढायला?

खारीगाव_खिडकी
‘विंडोज ११ ला नवं रूप’ या धाग्यावर घोडबंदर_जाम यांनी काल लिहिलं: “पॅचर टाका, थीमचं फोल्डर चिकटवा, पाच मिनिटांत डेस्कटॉप चकाचक. रेनमीटर म्हणजे म्हाताऱ्यांची करमणूक.” (पॅचर म्हणजे परक्या थीम विंडोजच्या गळी उतरवणारं साधन; रेनमीटर म्हणजे डेस्कटॉपवर घड्याळ, सीपीयूचा काटा असलं काही मांडणारा प्रोग्रॅम.) खाली ‘धन्यवाद सर’ची रांग. तिथे लिहून हरवलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

सर, थीमचं रूप ज्या एमएसस्टाइल्स फाइलीत असतं, तिच्यावर मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसेल तर विंडोज ती उघडत नाही. ही तपासणी यूएक्सथीम डीएलएल वगैरे फाइलींत बसलेली असते आणि जुने पॅचर त्या फाइलीच बदलतात. इथवरही एक वेळ चालेल. पण थीम बनवणाऱ्याने ती विंडोजच्या एका ठराविक बिल्डच्या, म्हणजे आवृत्तीच्या, मापाने बेतलेली असते. २३एच२ ची (२०२३ च्या मोठ्या अपडेटची) थीम अंगावर ठेवून २४एच२ (२०२४ चं) घेतलं की नव्या विंडोजला हवे ते भाग त्या फाइलीत नसतात. मग लॉगिननंतर काळा पडदा आणि त्यावर एकटा कर्सर.

क्रम असा हवा: मोठ्या अपडेटआधी सेटिंग्जमधून विंडोजची मूळ थीम लावायची, पॅचर काढायचा, रीस्टार्ट, मग अपडेट. अडकलातच तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, सेफ मोड. डिस्कला कुलूप घालणारा बिटलॉकर चालू असेल तर या वाटेवर तो बहुतेक वेळा ४८ अंकी की मागतो. ती कुठे ठेवलीय हे पॅचर टाकायच्या आधी बघायचं असतं. रिस्टोअर पॉइंटच्या भरवशावर राहू नका, कित्येक लॅपटॉपवर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच असतं.

स्क्रीनशॉट बघून सॉफ्टवेअर निवडू नका. ते विंडोजच्या कुठल्या थरात हात घालतं आणि काढल्यावर मागे काय उरतं, ते बघा. रेनमीटर स्वतःच्या खिडक्या मांडतो, विंडोजच्या फाइलींना शिवत नाही. काढला की स्किन्स (त्याच्या मांडण्या) आणि सेटिंग्जची फोल्डरं तेवढी राहतात, बस.

घोडबंदर_जाम
नाव घेऊन धागा काढलात, सत्काराबद्दल आभारी आहे. फक्त एक राहिलं. सगळे पॅचर डिस्कवरची फाइल बदलत नाहीत. सिक्योरयूएक्सथीम ती तपासणी मेमरीतच वळवतो, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. आणि तुमच्या रेनमीटरने एक टायटल बार बदलून दाखवा. घड्याळ आणि सीपीयूचा काटा म्हणजे थीम नव्हे, ते हॉलमधलं शोकेस झालं.

खारीगाव_खिडकी
थीमची फाइल जुन्या बिल्डचीच ना पण? कुलूप न तोडता आत गेलात, तरी फर्निचर दुसऱ्याच्या घराच्या मापाचं.

ऐरोली_नाइटशिफ्ट
दोघंही २०१५ मध्ये अडकलात. विंडहॉक घ्या. त्यात मॉड असतात, विंडोजचं रूप बदलणारे छोटे प्रोग्रॅम. प्रत्येक मॉडचा कोड समोर दिसतो, तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, नको झाला की एक बटण. टास्कबारचा रंग, पारदर्शकता, उंची, आयकॉनचं माप, एवढ्यासाठी एमएसस्टाइल्सच्या वाटेला जायचं कारणच नाही.

खोडी दोन. टास्कबारचे मॉड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल फाइली (विंडोजच्या आतल्या भागांचा नकाशा) उतरवतात. विंडोज अपडेटनंतर त्या पुन्हा उतरतात, तोवर टास्कबार साधाच दिसतो. लोक घाबरून सगळं अनइन्स्टॉल करतात. नेट चालू ठेवून थोडं थांबायचं असतं. दुसरी गोष्ट, हे चालू प्रोसेसमध्ये कोड घुसवतं. अँटी-चीटवाले गेम खेळत असाल तर त्यांची नावं वगळायच्या यादीत टाका. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर लावूच नका, तुमच्याआधी आयटीवाल्यांना कळेल.

टास्कबार आणि स्टार्ट मेनू बदलणाऱ्या एक्सप्लोररपॅचर आणि स्टार्टऑलबॅकचं नाव अजून कोणी घेतलं नाही, तर आधीच सांगतो: २०२४ मध्ये २४एच२ च्या तयारीत मायक्रोसॉफ्टने दोन्ही अडवले होते. पुढे नव्या आवृत्त्या आल्या, पण लगाम कोणाच्या हातात आहे ते दिसलं.

नेरूळचे_नाना
विंडोज सोडा, लिनक्सवरचा डेस्कटॉप घ्या: केडीई प्लाझ्मा. रंग, आयकॉन, खिडक्यांच्या चौकटी, सगळं सेटिंग्जमध्येच. पॅचर नाही, सही नाही, कटकट नाही.

घोडबंदर_जाम
आले नाना. २०२४ च्या मार्चमध्ये प्लाझ्माच्या एका ग्लोबल थीमने (सगळं रूप एकदम बदलणाऱ्या थीमने) वापरणाऱ्याच्या फाइली साफ केल्या होत्या, ते सांगायचं राहिलं वाटतं. माझ्या पॅचरने पडदा काळा होतो, पण फोटो तरी जागेवर राहतात.

नेरूळचे_नाना
खरं आहे. ग्लोबल थीम स्क्रिप्ट चालवू शकते, म्हणून ती घ्यायचीच नाही. कलर स्कीम आणि आयकॉन सुटे घ्या, त्या नुसत्या डेटा फाइली असतात. आणि तुमचं विंडोज १० असेल तर अभिनंदन, १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला. मोठं अपडेट येणारच नाही, थीम अजरामर.

तलावपाळी_टंकक
मधेच घुसतो. रेनमीटरच्या स्किनमध्ये वार मराठीत टाकला की अक्षरांऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ‘ए’ची रांग येते. फॉन्ट बदलून पाहिला, तेच.

खारीगाव_खिडकी
फॉन्टचा दोष नाही, एन्कोडिंगचा आहे, म्हणजे फाइलीत अक्षरं ज्या संकेताने साठवतात त्याचा. नोटपॅड आता मुळातच यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. स्किनची फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ने यूटीएफ-१६ एलई करा, मग स्किनवर राइट क्लिक, रिफ्रेश. स्किन दुसरी फाइल इन्क्लूड करत असेल तर तीसुद्धा.

वारांची नावं हाताने लिहू नका. टाइम मेझरमध्ये (स्किनमधल्या वेळ-तारीख देणाऱ्या भागात) फॉरमॅटलोकेलला मराठी-भारताचा कोड दिला की ‘गुरुवार’ आपोआप येतो. आकडे मात्र इंग्रजीच राहतात. त्यासाठी त्याच मेझरमध्ये सब्स्टिट्यूटची एक ओळ: इंग्रजी शून्याच्या जागी ०, एकाच्या जागी १, अशा दहा जोड्या.

तलावपाळी_टंकक
आलं! पण ‘श’ हिंदी वळणाचा आला.

घोडबंदर_जाम
झालं. थीमचा धागा गेला तलावात.

तलावपाळी_टंकक
जाऊ दे. दुकानांच्या पाट्यांवर हिंदी ल-श, लग्नपत्रिकेत तेच, आता डेस्कटॉपवरही? तुम्हाला टायटल बारची गोलाई एक पिक्सेल चुकलेली चालत नाही, आणि अक्षर परक्या वळणाचं चालतं?

नेरूळचे_नाना
चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. नोटो सान्स देवनागरीत पाकळीचा ल आणि देठाचा श आहेत, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रोग्रॅमने सांगावं लागतं. ब्राउझरला पानावर सांगता येतं, लिनक्सवर सिस्टिमची भाषा मराठी केली की जीटीकेचे प्रोग्रॅम ऐकतात. रेनमीटरच्या स्किनमध्ये ते सांगायला जागा नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट
हिशेब करू या. घड्याळात ‘श’ येतो शुक्रवारी आणि शनिवारी. ‘ल’ येतो फक्त एप्रिल आणि जुलैत. एवढ्यासाठी फॉन्ट फोडायचा?

तलावपाळी_टंकक
शनिवारीच तर माणूस घरी असतो.

खारीगाव_खिडकी
फोडायला नको, गोठवायचा. ओपनटाइप फीचर फ्रीझर नावाचं फुकट साधन आहे. त्यात लिपी देवनागरी, भाषा मराठी आणि स्थानिक रूपांचं फीचर निवडलं की मराठी वळण हेच त्या फॉन्टचं मूळ वळण होतं. नव्या फाइलीत ल्ल, श्च, श्र, श्व लिहून तपासा, जोडाक्षर फुटलं तर तिथेच दिसेल. इन्स्टॉल करायची गरज नाही. स्किनच्या रिसोर्सेस फोल्डरात ‘फॉन्ट्स’ फोल्डर करून त्यात टाका. फॉन्टफेसच्या ओळीत फाइलीचं नाव नाही, फॉन्टचं आतलं नाव लिहायचं. सगळे इथेच आपटतात.

घोडबंदर_जाम
एका ‘श’साठी एवढी शस्त्रक्रिया, आणि माझा पॅचर धोकादायक. बरं, त्या धाग्यावरच्या माझ्या प्रतिसादात दोन ओळी घातल्या आहेत: अपडेटआधी मूळ थीम, आणि बिटलॉकरची की. ‘पाच मिनिटं’ काढलेलं नाही. लावायला पाचच लागतात.

खारीगाव_खिडकी
म्हाताऱ्यांचंही काढा.

घोडबंदर_जाम
ते राहील.

तलावपाळी_टंकक
गोठवला, फोल्डरात टाकला, रिफ्रेश केला. शुक्रवार अजून हिंदीच.

खारीगाव_खिडकी
गोठवताना फॉन्टच्या नावाला शेपटी (पुढे जादा अक्षरं) लावलीत का? मूळ नोटो विंडोजमध्ये इन्स्टॉल असेल आणि दोघांचं नाव एकच असेल, तर रेनमीटर जुनाच उचलतो.

तलावपाळी_टंकक
नाही लावली.