गरम बॉयलर पुन्हा पेटताना लॉकआउट, आणि काच अर्धी असताना लो वॉटर अलार्म

धुलाईघर_पिंपरी:
लाँड्रीतला डिझेलवरचा, तासाला ६०० किलो वाफेचा बॉयलर. तीन पास, वर्किंग प्रेशर १०.५४ किलो/चौ.सेमी, मोनोब्लॉक बर्नर, चकतीचा सिक्वेन्स कंट्रोलर (बर्नर पेटवायच्या पायऱ्या क्रमाने चालवणारा), ज्योत बघायला फोटोसेल. सकाळी थंड असताना पहिल्या फटक्यात पेटतो. दोन-अडीच तास चालल्यावर प्रेशरवर कट होतो आणि परत पेटायला गेला की लॉकआउट (कंट्रोलर बर्नर अडवून धरतो, रीसेट केल्याशिवाय सोडत नाही). पाच-दहा मिनिटं थांबून रीसेट केलं तर कधी घेतो, कधी नाही. फोटोसेल पुसला, नोझल नवीन टाकलं, फरक नाही. शिवाय आठवडाभर मोब्रे (पाण्याची पातळी बघणारा फ्लोटचा स्विच) मधूनच लो वॉटर दाखवून बर्नर पाडतो, पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी मात्र अर्ध्यावर असतं. माल अडकू नये म्हणून ऑपरेटरने त्याला सध्या लूप मारलाय (वायर थेट जोडून तो बाद केलाय). कंट्रोलरच बदलू का?

वाफवाला:
कंट्रोलर राहू द्या, आधी तो लूप काढा. आत्ताच. तो असेपर्यंत बॉयलर पेटवू नका.

काच अर्धी दिसते म्हणून मोब्रे खोटा, हे गृहीतच चुकीचं आहे. काचेचा पाण्याकडचा रस्ता गाळाने बुजला असेल तर काचेतलं पाणी तिथेच अडकून राहतं आणि आत पातळी खाली गेलेली असते. काच ब्लो करून (आतल्या दाबाने धुऊन) बघा: ड्रेन उघडा, पाण्याचा कॉक बंद केला की नुसती वाफ जोरात आली पाहिजे. मग वाफेचा बंद करून पाण्याचा उघडा, पाणी जोरात आलं पाहिजे. शेवटी दोन्ही उघडून ड्रेन बंद केला की पाणी झटक्यात वर चढलं पाहिजे. रेंगाळत चढलं तर रस्ता अर्धवट बंद आहे. आणि काचेत पाणी दिसेनासं झालं, तर फीड पंप (बॉयलरला पाणी भरणारा) अजिबात चालू करू नका. आग बंद, बॉयलर थंड होऊ द्या. तापलेल्या नळ्यांवर पाणी पडणं हाच खरा धोका.

काच खरी निघाली, तर मोब्रेच्या चेंबरमध्ये गाळ आहे, फ्लोट भोकाचा झालाय किंवा मायक्रोस्विचची वायर ढिली आहे. चेंबर दर शिफ्टला ब्लो व्हायला हवा. पण बर्नर पाडण्याची खरी चाचणी ब्लो मारून होत नाही, झटक्याने अडकलेला फ्लोटही खाली येतो. आठवड्यातून एकदा माणूस काचेसमोर उभा करून, फीड पंप बंद ठेवून, पातळी हळूहळू उतरवत बघा. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३५०० पीपीएमच्या वर गेला असेल तर फेसानेही पातळी नाचते.

बर्नर_फिटर:
लॉकआउटचं सांगतो. रीसेट दाबायच्या आधी चकती कुठे थांबलीय ते वाचा, रीसेट केलं की ती पुढे निघून जाते. ‘पी’ म्हणजे हवेच्या दाबाचा स्विच. ‘१’ म्हणजे सेफ्टी टाइम (ज्योत दिसण्यासाठी दिलेली काही सेकंदं) संपेपर्यंत ज्योत दिसली नाही. उभी रेघ म्हणजे चालता चालता ज्योत गेली. याच वेळी पीपहोलमधून बघा: फवारा आहे का, ठिणगी आहे का, की पेटून विझतो? पेटून विझत असेल तर फोटोसेल तपासा; अंधारात मेगाओहम आणि उजेडात काही किलोओहमवर यायला हवा. फवाराच नसेल तर सोलेनॉइडची (डिझेल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) कॉइल (गरम झाल्यावर मोजा, थंडीत ती बरोबरच दिसेल) आणि पंप. पंपावर बहुतेक १० ते १४ बार हवा, सक्शनला ०.४ बारपेक्षा जास्त ओढ नको.

धुलाईघर_पिंपरी:
लूप काढला. काचेचा खालचा रस्ता अर्धा बंद होता, साफ केला. मोब्रेच्या चेंबरमधून लाल गाळ निघाला. बर्नरची चकती ‘१’ वर थांबते. फवारा आहे, ठिणगी दिसत नाही, चिमणीतून पांढरा धूर.

बर्नर_फिटर:
पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. दोनपेक्षा जास्त रीसेट मारू नका, फर्नेसमध्ये डिझेल साचून पुढच्या ठिणगीला भडका उडतो. आधी दार उघडून तळ ओला नाही ना, ते बघा.

इग्निशनच्या वेळी ट्रान्सफॉर्मरला २३० व्होल्ट येतात का ते मीटरने मोजा. येत नसतील तर कंट्रोलरचा कॉन्टॅक्ट. येत असून ठिणगी नसेल तर इलेक्ट्रोडची चिनीमाती पुसून बारीक तडा किंवा काळी रेघ शोधा, मग केबल, मग ट्रान्सफॉर्मर. तुमचं लक्षण ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवतं. तो सतत चालायला बनलेला नसतो, शिक्क्यावर बऱ्याचदा ३३ टक्के ड्यूटी असते, म्हणजे एकूण वेळेच्या एक तृतीयांशच चालू. इन्सुलेशन कमजोर झालं की गरम झाल्यावर दम सोडतो, थांबलं की परत घेतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी ओढून बघू नका, तिथे दहा हजार व्होल्ट असतात.

इलेक्ट्रोडच्या टोकांतलं अंतर ३ ते ४ मिमी, नोझलपासूनचं माप बर्नरच्या ड्रॉइंगवरून. खराब भाग बदलल्यावर चाचणी बॉयलर गरम असतानाच घ्या, थंडीत तो आजही पेटतोच आहे.