मदत हवी आहे: 'शुगर कधीपासून?' या टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) क्वेरीला काय लिहू?

तालुका_डॉक
तातडीने सल्ला हवाय. डायबेटिक फूट, पायात पू, डिब्राइडमेंट (सडलेला भाग कापून साफ करणं) आज रात्रीच करायला हवं. कॅशलेस (बिल थेट विमा कंपनीनं भरायचं) टाकलंय. टीपीएची क्वेरी आली, 'मधुमेह कधीपासून याचं ट्रीटिंग डॉक्टरचं सर्टिफिकेट द्या.' खरं लिहिलं तर क्लेम गेला. घरचे पाया पडतायत, 'डॉक्टरसाहेब, आत्ताच कळलं एवढंच लिहा.' तुम्ही काय करता अशा वेळी? नियम सांगू नका, ते मलाही माहीत आहेत.

निवृत्त_विमावाला
पॉलिसी किती वर्षांची? खंड न पडता चालू आहे का? पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये शुगर लिहिली होती का? एवढं सांगितल्याशिवाय 'क्लेम गेला' हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

सुरी_कात्री
आधी पाय उघडा हो. मंजुरी येईपर्यंत पू थांबत नाही. झेपेल तेवढं डिपॉझिट घ्या आणि टेबलवर घ्या. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला असं होत नाही, रिइम्बर्समेंटचा (आधी भरून नंतर परत मागण्याचा) रस्ता उघडा असतो. मी तर हल्ली पेशंटला दाखल करतानाच सांगतो, कॅशलेस मिळालं तर नशीब.

अनघा_प
डॉक्टर मंडळी आहेत म्हणून विचारते. सासूबाईंच्या मोतीबिंदूला चांगली लेन्स बसवली, विमा कंपनीने अर्धेच पैसे दिले. असं कापता येतं का?

तालुका_डॉक
पेशंट टेबलवर घेतोय, घाईत लिहितो. पॉलिसी चौथ्या वर्षात, खंड नाही. फॉर्म एजंटनं भरला, पेशंटनं नुसती सही केली. मुख्य अडचण अशी की कॅज्युअल्टीत आरएमओनं (ड्युटीवरच्या डॉक्टरनं) निळ्या पेनानं 'के/सी/ओ डीएम, ७ वर्षे', म्हणजे सात वर्षांपासून मधुमेह, असं लिहून ठेवलंय. हिस्ट्री सुनेनं दिली होती. आता ती म्हणते मी अंदाजे बोलले, तो कागद फाडून नवा करा.

सुरी_कात्री
सून अंदाजे बोलली असेलही. टाइप २ चं निदान पायाच्या जखमेवरच पहिल्यांदा झालेले पेशंट मी पाहिलेत. एचबीए१सी (सरासरी साखरेची रक्ततपासणी) मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं, सात वर्षांचं नाही. 'ड्युरेशन नॉट नोन' लिहा आणि मोकळे व्हा.

तालुका_डॉक
तेच लिहिणार होतो. पण ड्रेसिंग उघडताना पेशंट हळूच म्हणाला, 'साखर जुनीच आहे साहेब, गोळ्या मीच सोडल्या.' तळव्याला मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) टेकवला तर त्याला पत्ताच नाही. आता 'नॉट नोन' कुठल्या तोंडानं लिहू?

बाभूळ
विषय निघालाच आहे तर, मेडिक्लेम आहे म्हटल्यावर रूमचा भाव कसा चढतो यावरही डॉक्टरांनी बोलावं. तेव्हा नीतिमत्ता कुठे जाते? आणि रूम रेंटची मर्यादा ओलांडली की कंपनी सर्जनच्या फीसारखे खर्चही प्रमाणात कापते, ते पेशंटला डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

सुरी_कात्री
बाभूळराव, वेगळा धागा काढा.

निवृत्त_विमावाला
मूळ प्रश्नाकडे या. कागद फाडू नका. केस पेपर एव्हाना स्कॅन होऊन गेलाही असेल. सुनेचं म्हणणं लिहायचं तर खाली नवी नोंद करा, तारीख-वेळ घाला, कोणी सांगितलं ते लिहा, आधीची ओळ तशीच ठेवा. पेशंटनं सांगितलंय तेही त्यातच येईल, ते वगळता येणार नाही.

दुसरं, तुम्ही समजता तेवढं सगळं बुडालेलं नाही. २०२४ पासून आयआरडीएआयनं (विमा नियामकानं) आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ (तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणलाय. ६० महिने सलग झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'लपवलं' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. तुमचा पेशंट या दोन्हींच्या मधे अडकलाय. म्हणून सगळं प्रपोजल फॉर्मवर आहे. एजंटला शुगर सांगितली होती आणि त्यानं रकाना कोरा ठेवला, की सांगितलीच नव्हती?

कोर्टकचेरी
सुप्रीम कोर्टाचा २०१५ चा एलआयसीचा निकाल बघा. लपवलेला आजार आणि मृत्यूचं कारण यांचा संबंध नसेल तर क्लेम द्यावा लागतो.

निवृत्त_विमावाला
इथे संबंध नाही? मधुमेह आणि मधुमेहाचा पाय! शिवाय २०१९ मध्ये त्याच कोर्टानं फॉर्ममध्ये माहिती दडवली म्हणून विमा कंपनीच्या बाजूनेही निकाल दिलाय. अर्धा निकाल वाचून सल्ले देऊ नका.

गावाकडची_ताई
महात्मा फुले जन आरोग्य योजनेत का नाही नेत? आता ती सगळ्या रेशनकार्डांना आहे, पाच लाखांपर्यंत. अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना विचारा.

तालुका_डॉक
ताई, आमचं रुग्णालय अंगीकृत नाही. जवळचं अंगीकृत जिल्ह्याच्या गावी, रात्री या पायाला घेऊन पाठवणं मला पटलं नाही. पुढच्या ऑपरेशनला मात्र विचार करता येईल, स्किन ग्राफ्ट लागणारच आहे.

डिब्राइडमेंट झालं. दोन बोटं गेली, पाय राहील असं वाटतं. ॲनेस्थेटिस्ट फी नंतर घेतो म्हणाला.

सुरी_कात्री
छान. आणि सर्टिफिकेट?

तालुका_डॉक
नाही बदललं. 'रुग्णाच्या सांगण्यानुसार जुना मधुमेह, उपचार अनियमित, सध्याचा संसर्ग तातडीचा' असं लिहिलं. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत ७.७ ला खोट्या सर्टिफिकेटबद्दल काय आहे ते मी नवीन पोरांना शिकवतो. सून बाहेरच्या बाकावर बसलीय, माझ्याशी बोलत नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं बहुतेक.

बाभूळ
एक बरं केलंत. बिलाचंही तेवढं बघा.

तालुका_डॉक
माझी सर्जन फी सोडली आहे. औषधांचं आणि ओटीचं मात्र हॉस्पिटलच्या भागीदारांना विचारावं लागेल, मी एकटा मालक नाही.

निवृत्त_विमावाला
कॅशलेस नाकारल्याचं पत्र कारणासकट लेखी मागून घ्या. प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीच्या फाइलमध्ये असायला हवी, नसेल तर कंपनीकडे मागा. क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई किंवा पुणे. वकील लागत नाही, फी नाही. हे सुनेला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगाल तर आज तिच्या डोक्यात जाणार नाही.

अनघा_प
आणि माझ्या लेन्सचं?

निवृत्त_विमावाला
ताई, बऱ्याच पॉलिसींत 'मोतीबिंदू' शब्दापुढे रकमेची मर्यादा लिहिलेली असते. पान शोधा, फोटो टाका. पॉलिसी नंबर झाकून.