पुल-अप घातलं की आई आळशी?

ठाण्याची_आई
काल इथे कुणीतरी लिहिलं, "आमची मुलं वर्षाची झाली की सांगून शू करायची. आताच्या आया पुल-अप (चड्डीसारखं ओढून घालायचं डायपर) चढवतात आणि मोकळ्या होतात, म्हणून तीन-तीन वर्षांची घोडी डायपरमध्ये." वाचून रात्रभर झोप नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा. घरी सुती चड्डी. पाळणाघरात, प्रवासात आणि रात्री पुल-अप. पाळणाघरात आठ मुलांमागे एक मावशी. चड्डीवर पाठवला की दुपारी फोन, "कपडे संपले." जुलैत चड्ड्या तीन-तीन दिवस वाळत नाहीत. चिकटपट्टीचं डायपर होतं तेव्हा त्याला आडवं पाडावं लागायचं, लाथा मारायचा. पुल-अप तो स्वतः खाली ओढतो, पॉटीवर बसतो, "आई, झाली" म्हणून हाक मारतो. यात आळस कुठे आहे?

कोथरूडची_आजी
ते मीच लिहिलं आणि शब्द मागे घेणार नाही. दोन मुलं, तीन नातवंडं वाढवलीत. झोपून उठलं, दूध प्यालं की बाळाला आपल्या दोन पावलांवर बसवायचं आणि शूऽऽ करायचं, आठव्या महिन्यापासून. दुपटं ओलं झालं की मूल कुरकुरतं, त्याला कळतं. तुमच्या पुल-अपमधलं जेल सगळं पाणी ओढून घेतं. बूड कोरडंच राहिलं तर शू झाली हे पोराला कळणार कसं?

जुळ्यांचा_बाबा
आजी, आठव्या महिन्यात मूल शिकत नाही, त्याच्या वेळा आई शिकते. अमेरिकेतल्या ब्राझेल्टन डॉक्टरांनी 1962 साली हजाराहून जास्त मुलांच्या नोंदी छापल्या. मुलाच्या कलाने घेतलं तर दिवसाची सवय सरासरी साडेअठ्ठावीस महिन्यांना लागली. घाई कशाला?

नाशिककर_मीरा
हेच ब्राझेल्टन पुढे पॅम्पर्सच्या जाहिरातीत आले होते, तेही सांगा की. मूल जितकं उशिरा शिकेल तितके कंपनीचे पुडे जास्त खपणार.

जुळ्यांचा_बाबा
नोंदी 1962 च्या, जाहिरात नव्वदच्या दशकातली. आधीचं संशोधन त्याने खोटं ठरतं का?

कोल्हापूरची_सून
आमच्याकडे सासूबाईंनी हट्टाने पुल-अप बंद केलं. मुलगी दोन वर्षांची. चड्डीत शी झाली की ओरडा बसायचा. तिने शी धरून ठेवायला सुरुवात केली. पडद्यामागे पाय आवळून, लाल होऊन उभी राहायची. पाच दिवस झाली नाही, सहाव्या दिवशी रक्त आलं. डॉक्टरांनी शी पातळ करायचं औषध दिलं आणि सांगितलं, महिनाभर पॉटीचं नावही काढू नका. आजींचा "शब्द मागे घेणार नाही" वाचला आणि तो पडदा डोळ्यांसमोर आला.

कोथरूडची_आजी
ओरडा असं मी कुठे लिहिलं? तुमच्या सासूबाईंचा राग माझ्यावर काढू नका.

सोसायटी_सेक्रेटरी_पुणे
वयावरून भांडताय, पण ते वापरलेलं पुल-अप जातं कुठे? आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याच्या बादलीत उघडी डायपर, शीसकट. कचरा गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई हाताने वेगळी करतात. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, एवढंच त्यांचं मागणं. चार घरं पाळतात. 2016 च्या घनकचरा नियमांत गुंडाळून सुक्यात टाका असं लिहिलं होतं, आणि गुंडाळायला पिशवी देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती.

ठाण्याची_आई
आमच्या पुड्यात आजवर एकही पिशवी निघालेली नाही. इथेही दोष आईचाच का?

सोसायटी_सेक्रेटरी_पुणे
वर्तमानपत्र तर घरात असतं ना? एकदा सकाळी खाली येऊन उभ्या राहा. ताईंच्या हातमोज्यांना भोकं पडलेली असतात.

नाशिककर_मीरा
म्हणूनच कापडी लंगोट.

ठाण्याची_आई
आणि ते धुणार कोण? घरकामाच्या मावशींनी शीचे कपडे धुवायला साफ नकार दिलाय, योग्यच केलं. नवरा रात्री नऊला येतो. कापडी म्हणणाऱ्या प्रत्येकीने आधी सांगावं, बादलीपाशी कोण बसतं.

जुळ्यांचा_बाबा
आमच्या घरी मी बसलो. दोन मुलांचे, आठ महिने.

ठाण्याची_आई
मग तुम्हाला बोलायचा हक्क आहे. बाकीच्यांना नाही.

सोसायटी_सेक्रेटरी_पुणे
हक्काचं नंतर पाहू. आज रात्री पुल-अप कागदात गुंडाळणार का?

ठाण्याची_आई
गुंडाळते. आत्तापर्यंत नुसती घडी घालून टाकत होते, हे खरं आहे. शी आधी संडासात झटकायची हेही कुणी सांगितलं नव्हतं. पण रात्रीचं पुल-अप काढणार नाही. पाच वर्षांपर्यंत झोपेत शू होणं डॉक्टरही आजार धरत नाहीत.

कोथरूडची_आजी
रात्रीचं राहू दे, त्यावर वाद नाही. पाळणाघराचीही अडचण समजते, मला नोकरी नव्हती. पण शनिवार-रविवार घरी असतेस ना गं त्याच्याबरोबर? ते दोन दिवस बाहेर जातानाही सुती चड्डी घाल आणि जास्तीच्या तीन पिशवीत ठेव. ओली झाली की त्याला हात लावून बघू दे. "शू झाली, पाय गार लागले" एवढंच म्हण. ओरडू नकोस.

ठाण्याची_आई
शनिवारी मामाच्या लग्नाला जायचंय, तेव्हा नाही. रविवारी करून बघते.