मदत हवी आहे: मँगनीज-बिस्मथ-टेल्युराइडच्या वरच्या पृष्ठभागावर बँड गॅप (इलेक्ट्रॉनांना वर्ज्य असलेला ऊर्जापट्टा) आहे की नाही?

नमस्कार. मी मुंबईत भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी थरयुक्त अँटीफेरोमॅग्नेटिक टोपोलॉजिकल इन्सुलेटर (आतून विद्युतरोधक पण पृष्ठभागावर वाहक असे पदार्थ, ज्यांतले शेजारचे चुंबकीय थर उलट दिशांचे असतात) हा विषय घेतला आणि मँगनीज-बिस्मथ-टेल्युराइडच्या एका मुद्द्यावर आठवडाभर अडलो आहे.

या स्फटिकाच्या प्रत्येक थरात अणूंच्या सात पातळ्या असतात व मधली मँगनीजची असते. साधारण २५ केल्विनच्या खाली एका थरातले सगळे स्पिन (अणूंचे सूक्ष्म चुंबक) थराला लंब, एकाच दिशेने उभे राहतात, तर शेजारच्या थरातले नेमके उलट. मोंग, एसिन आणि मूर यांनी २०१० मध्ये मांडल्यानुसार अशा पदार्थात काल-उलट सममिती एकटी टिकत नाही. मात्र काळ उलटवून एक थर वर सरकले की स्फटिक पुन्हा पहिल्यासारखा दिसतो, आणि ही जोडसममिती टोपोलॉजिकल अवस्थेचे रक्षण करते. मी ती चाळीच्या मजल्यांवरून समजून घेतली: गच्चीच्या वर मजलाच नसल्यामुळे तिथे सममिती मोडते, म्हणून वरच्या पृष्ठभागावर गॅप पडायला हवा.

अडचण इथेच आहे. २०१९ मध्ये फोटोएमिशनच्या (प्रकाश पाडून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजण्याच्या) काही मोजमापांत गॅप दिसला खरा, पण तो २५ केल्विनच्या बराच वरही टिकून होता, जे मला संशयास्पद वाटते. त्याच वर्षी इतर गटांना त्या तापमानाखालीही गॅप जवळजवळ दिसला नाही. तरीही २०२० मध्ये पाच थरांच्या नमुन्यात १.४ केल्विनला, बाह्य चुंबकीय क्षेत्राशिवाय, हॉल रोध (प्रवाहाला आडव्या दिशेतला व्होल्टेज भागिले प्रवाह) सुमारे २५,८१३ ओहम या क्वांटम मूल्याच्या अगदी जवळ पोहोचला. गॅपशिवाय हे कसे शक्य आहे? मँगनीज आणि बिस्मथ यांच्या अणूंची अदलाबदल एवढा फरक पाडते, की पृष्ठभागावरचे स्पिन आतल्यापेक्षा वेगळे मांडलेले असतात?

दुसरा प्रश्न सम थरांचा. विषम थरांत वरच्या व खालच्या पृष्ठभागांचे अर्धे-अर्धे हॉल योगदान एकाच चिन्हाचे असल्याने बेरीज (e²/h या एककात) १ होते. सहा थरांत ती योगदाने विरुद्ध चिन्हांची असल्याने परस्परांना रद्द करतात आणि शून्य उरते, ज्याला अ‍ॅक्सिऑन इन्सुलेटर म्हणतात. पण शून्य तर साध्या इन्सुलेटरमध्येही मिळते! मग दोन्हींतला फरक प्रयोगात कोणत्या मोजमापाने दाखवावा? उत्तरात गणित आले तरी चालेल. बेरी वक्रतेपर्यंतचा अभ्यास झालेला आहे.