मदत हवी आहे: पोकरमधी कलर मोठा का सीक्वेन्स?

किलवर_कळंब:
चौघं जण पोकर खेळून राहिलो. खाली पाच पत्ते उघडे: बदामचा राजा, दश्शी, सत्ती, तिर्री आन् किलवरची अठ्ठी. माह्या हातात बदामचा एक्का. म्हणजे पाच बदाम, एक्क्याचा कलर. समोरच्याजवळ नव्वी आन् छक्की, म्हणून त्याचा सहा ते दहा सीक्वेन्स. तो म्हणते डाव माहा, मी म्हणतो माहा. चिंचोके तसेच चटईवर पडून हायेत. उद्या तान्हा पोळा झाला की पुन्हा बसायचं हाये, लवकर सांगा.

तीनपत्ती_बापू:
सीक्वेन्स मोठा. ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे), प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाचा), सीक्वेन्स, कलर, जोडी आन् मग हाय कार्ड (नुसता मोठा पत्ता). समोरच्याचा डाव, देऊन टाका.

इस्पिकची_राणी:
बापू, ही उतरंड तीन पत्त्यांची आहे. पाच पत्त्यांत ती उलटते, आणि का उलटते ते मोजता येतं. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यात सीक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून सीक्वेन्स मोठा. पाच पत्त्यांचे हात २५,९८,९६०. त्यात कलर ५,१०८ आणि सीक्वेन्स १०,२००. तिथे कलर दुर्मीळ, म्हणून कलर मोठा. किलवर_कळंब भाऊ, डाव तुमचा.

तीनपत्ती_बापू:
दुर्मीळ तो मोठा, असं असतं तर तीन पत्तीत प्युअर सीक्वेन्स ट्रेलच्या वर पाहिजे होता. ट्रेल ५२ होतात, प्युअर ४८च. तरी ट्रेल मोठा. आकड्यानं सगळं ठरत नाही.

इस्पिकची_राणी:
तेवढा एक अपवाद खरा आहे. कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये तो सुधारलेला दिसतो, तिथे प्युअर सीक्वेन्स ट्रेलच्या वर असतो. पण कलर आणि सीक्वेन्सच्या बाबतीत आकडे दोन्हीकडे लागू पडतात. अजून एक: एक्का-दुर्री-तिर्री तीन पत्तीत बहुतेक ठिकाणी दुसऱ्या नंबरचा सीक्वेन्स धरतात. पोकरमध्ये एक्का ते पंजी हा सगळ्यात लहान सीक्वेन्स.

वर्धा_नव्वी:
थांबा जरा. भाऊ, हातात प्रत्येकाला किती पत्ते वाटले होते? ते लिहिलंच नाही.

किलवर_कळंब:
हातातल्या पत्त्याचा काय संबंध? पोकर म्हटलं ना. खालचे चार बदाम, माहा एक, झाले पाच.

जुगार_नको:
पैसे लावत असाल तर १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू होतो हे ध्यानात ठेवा. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर २०२५च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली. पोळ्याच्या सणात घरादारावर पाळी आणू नका.

किलवर_कळंब:
काका, चिंचोके हायेत. वर लिहिलं.

वर्धा_नव्वी:
संबंध आहे, म्हणूनच विचारलं. दोन पत्ते असतील तर टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार. त्यात तुमचे दोन आणि खालचे पाच, अशा सातांतून कोणतेही पाच घ्या. हातातले दोन्ही, एक, किंवा एकही नाही घेतला तरी चालतं. चार पत्ते असतील तर ओमाहा, आणि मग सगळं बदलतं.

किलवर_कळंब:
चार-चार वाटले. मोबाइलवर नियम पाहूनच वाटले. माह्याजवळ बदामचा एक्का, इस्पिकचा एक्का, चौकटची चौकी आन् किलवरची दुर्री.

वर्धा_नव्वी:
मग डाव समोरच्याचा. ओमाहात हातातले नेमके दोन आणि खालचे नेमके तीन घ्यावेच लागतात. तुमच्या हातात बदाम एकच. खालून तीन बदाम उचलले तरी चारच होतात, पाचवा हातातला दुसरा पत्ता, आणि तो बदामचा नाही. कलर झालाच नाही. तुमची एक्क्यांची जोडी, वर राजा, दश्शी आणि अठ्ठी. समोरच्याच्या हातातले नव्वी-छक्की हे दोन, खालचे दश्शी, अठ्ठी, सत्ती हे तीन. दोन आणि तीन बरोबर जुळले.

तीनपत्ती_बापू:
मी पहिल्याच उत्तरात म्हटलं होतं, समोरच्याचा डाव.

इस्पिकची_राणी:
बापू, उत्तर जुळलं पण कारण चुकलं. खालच्या तीन बदामांसोबत कुणाच्या हातात दोन बदाम असते तर ओमाहातही कलरनं सीक्वेन्स हरवला असता. मीही पत्ते न विचारता निकाल दिला, ती चूक माझी.

पत्ता_प्रेमी_घाटंजी:
ओमाहा सोडा भाऊ, नवीन लोकांनी सेव्हन कार्ड स्टड खेळावं. खाली सामायिक पत्तेच नसतात, त्यामुळे असा वाद होत नाही. दोन झाकून, चार उघडे, शेवटचा एक झाकून.

वर्धा_नव्वी:
विचारलं ते हे नाही. उद्या ओमाहाच खेळणार असाल तर अजून दोन ठिकाणी भांडण होईल, आधीच ठरवून घ्या. पहिलं, ब्लाइंड. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता चाल. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते वाटण्याआधीच ठेवायची रक्कम, पहिल्यानं १ चिंचोका, दुसऱ्यानं २. पत्ते मग खुशाल पाहावे. दुसरं, ओमाहा बहुतेक पॉट-लिमिट असतो, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेएवढंच (पॉट) वाढवता येतं. पॉटमध्ये १२ आहेत, समोरच्यानं ६ लावले, झाले १८. तुम्ही आधी ६ भरायचे, झाले २४, आणि वरून जास्तीत जास्त २४ वाढवायचे. म्हणजे एका वेळी ३०, त्याच्यावर नाही. हा हिशेब तोंडी करू नका, पॉट मोजून मग बोला.

तीनपत्ती_बापू:
शो मागितला, म्हणजे पत्ते उघडायला लावले तर? बरोबरी झाली तर मागणारा हरतो ना?

वर्धा_नव्वी:
तीन पत्तीत हो. पोकरमध्ये बरोबरी झाली की पॉट अर्धा-अर्धा. शो मागण्याचीही भानगड नाही: शेवटच्या फेरीत ज्यानं शेवटी लावले किंवा वाढवले, तो आधी पत्ते उघडतो.

किलवर_कळंब:
एक गोष्ट राहिली. शेवटी मी ‘एक्क्याचा कलर’ म्हणून बोललो तं तिसऱ्यानं पत्ते टाकून देले. त्याच्याजवळ बदामची राणी आन् पंजी होती, म्हणते कलर माहाच होता.

इस्पिकची_राणी:
पत्ते पालथे टाकून बाकीच्या गड्डीत मिसळले का?

किलवर_कळंब:
हो, मिसळले. पिसलेसुद्धा.

इस्पिकची_राणी:
मग तो हात मेला. राजा, राणी, दश्शी, सत्ती, पंजी असा त्याचा खराखुरा कलर होता, तो सीक्वेन्सला हरवत होता. पण पोकरमध्ये तोंडानं काय बोललं ते धरत नाहीत, उघडे पत्ते धरतात. त्यानं तुमचे चारही पत्ते चटईवर पाहिल्याशिवाय आपले टाकायला नको होते. पॉट सीक्वेन्सवाल्याचा.

किलवर_कळंब:
बरं. चिंचोके त्याले देले. तिसरा अजून रुसून हाये.